चांदणीवाला आजा

माणसाला एखादं वेड असावं, पण ते दोन खोल्यांत मावेल एवढंच असावं, असं जयमाला वालावलकर म्हणायची. तिच्या नवऱ्याचं वेड मावत नव्हतं. ते भिंतीवर चढलं होतं.

कमळाकर वालावलकर बेलापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होता. गिरगावात राहत असताना, १९७३ साली, त्याला फोर्टच्या फुटपाथवर एक जाडजूड रशियन कोश रद्दीच्या भावात मिळाला आणि घात झाला. तो संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकला. बाकीचे विद्यार्थी मॉस्कोला जायला मिळेल या आशेनं शिकत होते. कमळाकरला मॉस्कोशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला जायचं होतं त्याच्याही मागे, दीड हजार वर्षं. रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन या भाषा जेव्हा वेगळ्या झाल्या नव्हत्या आणि त्या सगळ्यांची एकच आई नांदत होती तिथे.

आता गंमत अशी की त्या आईचा एकही शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून पंडित काय करतात, तर लेकींची तोंडं बघून आई कशी असेल ते ठरवतात. असा ठरवलेला शब्द लिहिताना त्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी काढायची. चांदणीचा अर्थ एवढाच, की बाबांनो, हा शब्द कुणी ऐकलेला नाही, आम्ही आपला अंदाजानं बांधलाय. कमळाकरला ही चांदणी फार आवडायची. कचेरीत साहेबांच्या अंगावर ओरडण्याची सोय नव्हती, पण घरी येऊन दीड हजार वर्षांपूर्वीची माणसं काय बोलत होती ते तो छातीठोक सांगू शकत होता.

१९८२ साली ते बेलापूरच्या नव्या इमारतीत राहायला आले. कोऱ्या भिंती बघून कमळाकरला राहवेना. महिन्याभरात त्यानं प्रत्येक भिंतीवर ड्रॉइंगचे कागद चिकटवले आणि एकेका शब्दाची वंशावळ काढली. वर चांदणीवाली आई, खाली लेकी, त्यांच्या खाली नाती. स्वयंपाकघरात गॅसच्या वर ‘मध’ आणि ‘धूर’ या शब्दांचे गोतावळे होते. पाहुण्यांना जयमाला सांगायची, “पोपडे लपवायला लावलेत.”

मासळी घेऊन यायची ती बायजाबाई. खाडीकाठच्या सारडोळे गावची. गावची शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि आता त्याच इमारतींचे जिने ती डोक्यावर पाटी घेऊन चढायची. नवरा वारलेला, पदरात एकच लेक, गोजरा. एका बुधवारी पाटी उतरवताना तिची नजर दाराशेजारच्या कागदावर गेली.

“ही कोनाची वंशावल, सायेब?”

“सुनेची,” कमळाकर म्हणाला आणि उठून उभाच राहिला.

“झालं,” आतून जयमाला म्हणाली. “आता बोंबील सडेपर्यंत थांबा.”

पण कमळाकरला दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन विचारलं होतं. तो सुटलाच. “सून आपली. संस्कृतात ती स्नुषा. तिकडे रशियात सुनेला म्हणतात स्नखा, बल्गेरियात स्नाहा. या दोघींची आई ही वरची, चांदणीवाली. आणि तिची नि आपल्या सुनेची पणजी एकच!”

“म्हंजे रशियाची सून नि आमची सून एका घरची?”

“अगदी!”

“तरीच,” बायजाबाई म्हणाली. “कुठंच पटत नाय सासूशी.”

“सासूसुद्धा एकाच घरची! आणि दीरही. रशियात दिराला म्हणतात द्येवेर.”

दिराचं नाव निघताच बायजाबाईचा चेहरा उतरला. “दीर तिथं पन हायच का,” ती पुटपुटली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आन भाकर?”

“ती नाही,” कमळाकर म्हणाला. “त्यांचा भाकरीचा शब्द शेजारच्या जर्मन लोकांकडून उसना आणलेला, असं पंडित म्हणतात.”

“अरं देवा,” बायजाबाई म्हणाली. “येवढा मोठा देश, आन भाकर उसनी.” तिला मनापासून वाईट वाटलं. मग तिनं कागदावर बोट ठेवलं. “सायेब, ही वरची चांदनीवाली कुनी पाह्यली?”

“कुणीच नाही. लेकींवरून ओळखायची.”

“म्हंजे लेकरां बघून बापूस सांगता तुमी?”

“शास्त्रच आहे तसं.”

बायजाबाई पाटी तिथंच ठेवून खाली बसली आणि तिनं आपलं दुखणं सांगितलं.

गोजराचं दोन घरं पलीकडच्या कान्हावर मन बसलं होतं. कान्हा दिघ्याला कारखान्यात कामाला, पोरगा सरळ. त्याचा आजा गोटीराम आणि आजी चांगुणाबाई, दोघंही राजी. आडवा आला तो बायजाबाईचा दीर देवजी. देवजी गावचा पंच. त्याचं म्हणणं, ही दोन्ही घरं एकाच भावकीची, म्हणजे पोरगा-पोरगी भाऊबहीण. आणि पुरावा काय, तर निवटी.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी. अंगाला शेंबडासारखा चिकट थर. राखेत घोळून घासल्याशिवाय हातात ठरत नाही. पण कालवण असं होतं की माणूस बोटं खाईल. अख्खी खाडी निवटी खाते. सारडोळ्यात फक्त दोन घराणी खात नाहीत, एक देवजीचं आणि एक गोटीरामाचं. देवजी म्हणायचा, निवटी आमच्या देवकाची. जे घर ती पाळतं ते आमचं रक्त.

“त्यानं उरनचं स्थल पन काढलंय,” बायजाबाई म्हणाली. “पुनवेला सुपारी फोडनार. पोरीनं जेवन टाकलंय, सायेब. तुमी एकडाव येऊन सांगा, ही दोन घरां येगली.”

कमळाकरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दहा वर्षांचा अभ्यास अखेर एका माणसाच्या कामी येणार होता.

रविवारी निघताना जयमालानं दारात बजावलं, “लग्न जुळवायला चाललाय, शास्त्र सांगायला नाही. एवढं ध्यानात ठेवा.”

“जयमाला, मी काय लहान आहे?” असं म्हणून कमळाकर कागदाची गुंडाळी आणि रंगीत खडू घेऊन गेला.

देवळापुढे गाव जमला होता. एका बाजूला देवजी, पांढरी टोपी, मांडीवर हात. दुसऱ्या बाजूला म्हातारा गोटीराम, आणि खांबाला टेकून चांगुणाबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत. गोजरा आणि कान्हा एकमेकांकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की सगळ्या गावाला दिसत होतं.

कमळाकरनं दोन्ही घरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. निवटी खाता? दोघंही नाही. कधीपासून? पूर्वीपासून. नुसती कुणी हातात दिली तर? देवजी म्हणाला, अंगणात आली तरी गोमूत्र शिंपडतो. गोटीराम म्हणाला, आमी पन. पानात पडली तर? पान गाईला. आमी पन. कमळाकरचे डोळे चमकायला लागले. कागदावर दोन रकाने भरत चालले आणि ओळीला ओळ जुळत चालली. असं जुळणं त्यानं आजवर फक्त रशियन आणि पोलिशमध्ये पाहिलं होतं. आपण कुठे आहोत, कशाला आलोय, कोण आपल्याकडे आशेनं बघतंय, हे सगळं तो साफ विसरला. त्यानं लाल खडू उचलला, दोन्ही रकान्यांवरून दोन रेघा वर नेल्या, एकत्र मिळवल्या आणि आनंदानं ओरडला, “सिद्ध झालं! दोन्ही घरांचा मूळपुरुष एकच!”

आणि त्याच्या डोक्यावर चांदणी काढली.

गोजरा उठली आणि घरी पळाली. कान्हा मान खाली घालून बसून राहिला. बायजाबाईनं कमळाकरकडे असं बघितलं की त्याच्या हातातला खडू पडला.

“नाही, म्हणजे तसं नव्हे,” कमळाकर म्हणाला. “ही चांदणी आहे ना, तिचा अर्थ की हा माणूस कुणी पाहिलेला नाही.”

“देव तरी कुनी पाह्यलाय?” देवजी म्हणाला आणि कागदाला हात जोडून पाया पडला.

त्यापुढची हकिगत कमळाकरला कचेरीच्या शिपायाकडून कळली. बुधवारी सारडोळ्याच्या वेशीवर एक धोंडा उभा राहिला. गुरुवारी त्याला शेंदूर लागला. शुक्रवारी त्यावर चुन्यानं चांदणी निघाली. शनिवारी एका बाईची हरवलेली शेळी सापडली, ती धोंड्यापाशीच सापडली, आणि रविवारपासून ‘चांदणीवाला आजा’ नवसाला पावायला लागला. जो माणूस कधी जन्मलाच नव्हता, त्याला आता रोज नारळ मिळत होता.

बायजाबाईनं जिना चढायचा सोडला. त्या मजल्यावरच्या सगळ्यांना मासळी खाली उतरून घ्यावी लागे, आणि वालावलकरांना तर खाली उतरूनही मिळत नसे. “संपली,” भरल्या पाटीवर हात ठेवून बायजाबाई म्हणायची. वालावलकरांच्या घरात नऊ दिवस दुधी भोपळा शिजला. जयमालाच्या माहेरी सुद्धा कुणी मेलं तरी इतके दिवस मासळीवाचून राहिलं नव्हतं.

“बिचारी पोर,” दहाव्या दिवशी ताटात भोपळा वाढताना ती म्हणाली. “पुनव परवावर आली. तुमच्या त्या चांदणीनं तिचं वाटोळं केलं.”

“मी तरी काय करू? दोन्ही घरांत तीच गोष्ट, तशीच्या तशी. दुसरा अर्थ निघत नाही.”

“का नाही निघत? मी शेजारच्या मीनाकडून विरजण आणते. माझं दही तिच्यासारखं लागतं. म्हणून मी काय तिच्या घरची झाले?”

कमळाकरचा घास हातातच राहिला. उसनं! रशियन भाकर! ज्या गोष्टीवर त्यानं तीन वह्या भरल्या होत्या, तीच नेमकी देवळापुढे सुचली नव्हती. सख्ख्या बहिणींच्या तोंडी शब्द थोडे थोडे बदलतात. स्नखा, स्नाहा, सून. जे अगदी तसंच्या तसं सापडतं, ते पुष्कळदा शेजारून आणलेलं असतं. आणि ते तपासायचं कसं, तर दूर गेलेली बहीण गाठायची. त्यानं फक्त गावातल्या रशियनला विचारलं होतं, दूर गेलेल्या पोलिशला विचारलंच नव्हतं.

“गोटीरामाचं कुणी दूर राहतं का?” तो उठून चपला शोधायला लागला.

“आधी हात धुवा,” जयमाला म्हणाली.

कान्हाकडून कळलं, की गोटीरामाचा धाकटा भाऊ साठ वर्षांपूर्वी भांडून उरणला गेला. भांडण कशावरून ते कुणाला आठवत नव्हतं, पण येणंजाणं बंद होतं. कमळाकरनं रजा टाकली, उरणची एसटी पकडली आणि पत्ता विचारत विचारत त्या घरी पोचला. भाऊ वारला होता, मुलं होती. त्यांनी या अनोळखी कारकुनाला आग्रहानं जेवायला बसवलं. ताटात कालवण आलं. कमळाकरनं विचारलं, “हे काय?” पोरं म्हणाली, “निवटी.” कमळाकर उठून त्या घरातल्या तिन्ही भावांना कडकडून भेटला आणि मग दोनदा वाढून घेतलं. बेलापूरहून आलेला साहेब इतका उपाशी कसा, हे त्या घराला अजून कळलेलं नाही.

पुनवेच्या सकाळी तो सारडोळ्याला आला. देवळापुढे पुन्हा गाव जमला होता, सुपारीचं तबक मांडलं होतं. उरणच्या स्थळाकडचे पाहुणे दुपारी यायचे होते.

“थांबा,” कमळाकर धापा टाकत म्हणाला. “गोटीरामतात्यांचे सख्खे पुतणे निवटी खातात. मी स्वतः खाऊन आलो. म्हणजे ही चाल या घरची नाही, शेजारून उसनी आणलेली आहे. भावकी एक नाही!”

देवजी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “ती उरनला जाऊन बाटली,” तो म्हणाला. “आमच्या गावान राह्यली ती पालतात. जी गेली ती सोडून बसली. यान उसनं कुठं आलं?”

देवजीचं म्हणणं बिनतोड होतं. एकानं उसनं आणलं की दुसऱ्यानं सोडून दिलं, हाच तर वाद पंडित शंभर वर्षं घालत बसतात. मिटत नाही, कारण विचारणार कुणाला? दीड हजार वर्षांपूर्वीचं कुणी उरलेलं नाही. त्यानं हताशपणे इकडेतिकडे पाहिलं. खांबाला टेकून चांगुणाबाई सुपारी कातरत होती.

आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रशियात कुणी उरलं नसेल. इथे होतं की!

तो तिच्यापुढे जाऊन बसला. “आजी, तुम्ही लग्न होऊन या घरात आलात, तेव्हा इथे निवटी खात होते का हो?”

अडकित्ता थांबला.

चांगुणाबाईनं आधी नवऱ्याकडे बघितलं. मग देवळाच्या दाराआड उभ्या गोजराकडे. पोरीचे डोळे रडून सुजले होते. म्हातारीनं अडकित्ता मिटून कनवटीला खोचला.

“खायची,” ती म्हणाली. “सगली खायची. यांना तर जीव की परान.”

गोटीरामानं मान वर केली.

“मी नवीन लगीन होऊन आलती. चौदा वर्सांची. घरान मोठं मानूस नाय, सासू आधीच गेलेली. यांनी येक दिवस पाटीभर निवटी आनली आन सांगितलं, साफ कर. मी राख लावतंय, ती उडी मारतंय. येक चुलीन गेली, येक माझे पोलक्यान. मी बसून रडली. तवा शेजारची देवजीची आजी आली. ती बोलली, आमचे घरान बरं हाय, आमी पालतोच. मना वाटलं, वा, ही चांगली सोय. रातच्याला यांना सांगितलं, देवी सपनान आली, बोलली, निवटी सोडा नायतर वंश बुडंल.” चांगुणाबाईनं नाक पुसलं. “तवापासून. मी उसनी आनली, सायेब. इरजन आनतात तशी. परत करायची राह्यली.”

देवजीचं तोंड उघडं राहिलं होतं. सगळे बघत होते ते गोटीरामाकडे. ऐंशीच्या घरातला म्हातारा, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला. तो उठून चालता झाला असता तर सगळंच मोडलं असतं. नातवाच्या लग्नाला आज्याचा होकार नाही, तर उसन्याचा काय उपयोग?

“साठ वर्सां,” गोटीराम म्हणाला.

चांगुणाबाईनं मान खाली घातली.

“शेजारी कालवन शिजलं की मी खाडीवर जाऊन बसायचो. वास येऊ नये म्हनून. लोकां बोलायची, गोटीराम लय भजनी मानूस, येकटा बसतो.” त्यानं चांगुणाबाईकडे पाहिलं. “किती होती गं ती?”

“पाटीभर सांगितलं ना.”

“मोठी पाटी का ल्हान?”

“मोठी.”

गोटीरामानं मनातल्या मनात पाटी पाहिली, चौदा वर्षांची पोर पाहिली, उड्या मारणारी निवटी पाहिली. मग मान हलवली. “मोठी पाटी मी पन नसती केली,” तो म्हणाला आणि देवजीकडे वळला. “ते सुपारीचं तबक इकडं सरकव.”

लग्न वैशाखात झालं. उरणचे तिन्ही पुतणे पहिल्यांदाच गावात आले आणि येताना निवटी घेऊन आले. बायजाबाईनं त्यातली अर्धी घासली आणि उरलेली देवजीनं घासली, कारण पंचाला काहीतरी शिक्षा हवी असं गावाचं मत पडलं. चांगुणाबाईला हात लावू दिला नाही. गोटीरामानं पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला, आणि सगळं गाव श्वास रोखून असताना म्हणाला, “मीठ कमी हाय.” मग चार वेळा वाढून घेतलं.

धोंडा मात्र वेशीवरून हलला नाही. कमळाकरनं देवजीला परोपरीनं सांगितलं की हा आजा आता शास्त्रानंही रद्द झाला, तो नव्हताच. “नवता तरी लगीन लावलं त्यानं,” देवजी म्हणाला. “असता तर काय काय केलं असतं!” आणि पहिला नारळ त्यालाच फुटला.

जेवणं झाल्यावर कमळाकरनं देवळाच्या भिंतीला नवा कागद लावला. चूक आपली होती, दुरुस्तीही आपणच करायची. या वेळी त्यानं दोन वेगळी झाडं काढली, एक देवजीच्या घराचं, एक गोटीरामाच्या घराचं. नावं सगळी पुरुषांची, वंशावळीत असतात तशी. आणि शेवटी, शास्त्रात उसनवारी दाखवतात त्याप्रमाणे, या झाडाकडून त्या झाडाकडे एक तुटक रेघ काढली.

चांगुणाबाई काठी टेकत जवळ आली. “ही कोन, सायेब?”

“ती तुम्ही, आजी.”

“मी? कागदावर?” तिनं रेघेवरून बोट फिरवलं. “माझे डोक्यावर चांदनी नाय काढली?”

“चांदणी न पाहिलेल्या माणसाला. तुम्हाला तर सगळ्या गावानं पाहिलंय.”

म्हातारीनं कागदाशी डोळे नेले. मग म्हणाली, “मंग अशी तुटक तुटक कशाला? नीट काढा ना.”

उसनवारीची रेघ तुटकच असते, साऱ्या जगाच्या पंडितांचं त्यावर एकमत आहे. कमळाकरनं एकदा जयमालाकडे पाहिलं. ती कान्हाच्या मावशीशी मासळीच्या भावावरून बोलत होती, पण डोळे इकडेच होते. त्यानं खडू पुन्हा टेकवला आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ओढली.